निळ्या पाखरांचा कप

“मावशी, उद्या मला पकडून नेतील. पोरगी अजून अंगावर पिते हो!” सून उंबऱ्यातच म्हणाली.

गेल्या आठवड्यात तिचे सासरे खुर्चीत मेलेले सापडले. हाताशी त्यांच्या संग्रहातला जुना इंग्लिश कप, पांढऱ्यावर निळी पाखरं. तळाशी चहा. चहात विष.

खासगी तपास करणाऱ्या मावशींनी विचारलं, “चहा तू केलास?”

“हो, पण स्टीलच्या पेल्यात. पेला ओट्यावर ठेवला आणि पोरगी रडली म्हणून आत गेले. नंतर पाहिलं, तर पेला धुऊन पालथा. मामंजी ती भांडी मांडून ठेवायचे, वापरायचे नाहीत. मी धुवायची, तीसुद्धा कोमट पाण्यानेच. तशी ताकीद होती.”

“हीच असणार,” मावशींचे सोबती मास्तर कुजबुजले.

“मास्तर, एवढी कसली घाई? गाडी चुकतेय का तुमची?”

त्या दिवशी म्हाताऱ्यांकडे येऊन गेलेला जुन्या वस्तूंचा व्यापारी मावशींच्या प्रश्नांनी चिडलाच. “मी चहाआधीच निघालो. म्हातारा सगळं संग्रहालयाला देत होता, पोटात दुखलं माझ्या. म्हणून जीव घेईन? त्या कपाचा कान मीच चिकटवून दिला होता. निव्वळ शोभेचा!”

सुनेच्या घरी तिचा नवरा, म्हाताऱ्यांचा मुलगा, लेकीला मांडीवर घेऊन वाटीतलं दूध पाजत होता. मागे भिंतभर फडताळ, त्यात निळ्या बश्या.

“माझ्या बायकोला छळू नका. बाबांनीच जीव दिला. मी डोकावलो, तेव्हा त्याच कपातून वाफाळता चहा पीत होते. मी या फडताळाला कधी हात लावला नाही. ‘हळू चाल, फुटेल!’ यातच बालपण गेलं माझं.”

मावशींनी वाटीतल्या दुधाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, “आधी लेकीला आईकडे द्या.”

इन्स्पेक्टरने तपासणी झालेला कप आणला. मावशींनी त्यात उकळतं पाणी ओतलं. जरा वेळाने कान सुटून टेबलावर पडला.

“वाफाळता चहा यात कधी पडलाच नाही.”

“बायकोला वाचवायला खोटं बोलला असेल,” मास्तर म्हणाले.

“मग पेला कोणी धुतला? विष पेल्यात होतं. बाप गेल्यावर उरलेला गार चहा या कपात ओतला. जीव देणारा माणूस शेवटचा घोट आवडत्या कपातून घेईल, असा हिशोब! पण हा शोभेचा कप आहे हे व्यापाऱ्याला ठाऊक, सुनेला ठाऊक. यातून कोणी पितं, असं वाटणारा एकच माणूस उरतो. फडताळाला कधी हात न लावलेला.”

मुलगा कानाच्या तुकड्याकडे बघत राहिला. “सगळं लोकांना देणार होते. मला एक बशीसुद्धा नाही.”

“सुटलात, ताई,” मास्तर म्हणाले.

सुनेने ऐकलंच नाही. लेकीला छातीशी घट्ट धरून ती उठली आणि वाटीतलं उरलेलं दूध तिने मोरीत ओतून टाकलं.