न्हायमधला हाय

राहनाळच्या त्या कोल्ड स्टोरेजमध्ये कामाला लागून क्षितिजाला जेमतेम महिना झाला होता, आणि तेवढ्यात तिच्या प्रोग्रॅमने सगळ्या कामगारांना एकदम गारठ्यात कोंडून टाकलं. अर्थात, फक्त स्क्रीनवर.

काम तसं साधं होतं. मागच्या वर्षी एक हमाल खजुराच्या खोलीत राहून गेला आणि बाहेरून कुलूप पडलं. जगला, पण हाताची बोटं गेली. म्हणून आता मालकांचा नवा नियम असा की, आत कोणी उरलं नाही असं कॉम्प्युटर म्हणेपर्यंत खोलीला कुलूप लावायचं नाही. शिफ्ट सुटली की मुकादम चांगदेवकाका एकेका खोलीच्या दारात उभे राहून नावं पुकारत. आतून ‘ओ’ आली की मोबाइलवर नावापुढे टाइप करत, हाय. नाही आली की, न्हाय. राहनाळचा माणूस दुसरं काय लिहिणार? ती टेक्स्ट फाइल ऑफिसात यायची. क्षितिजाचा पायथनमधला प्रोग्रॅम ती ओळ-ओळ वाचून कोण आत उरलं ते दाखवणार होता.

आज तो पहिल्यांदाच चालवला, तर सगळे आत. बाहेर चहा पीत उभा असलेला ओसामासुद्धा आत.

“मतलब मैं तो गया काम से, दीदी!” ओसामा खिडकीतून ओरडला. टेमघरचा हा ओसामा फोर्कलिफ्ट चालवायचा. नुकताच बाप झाला होता आणि दिसेल त्याला मुलीचा फोटो दाखवत फिरायचा. मराठी त्याला सगळी समजायची, पण बोलायचा हिंदीच. क्षितिजाने कितीदा चिडवून पाहिलं. पठ्ठ्याच्या तोंडून एक मराठी शब्द निघेल तर शपथ.

तिने कोड पुन्हा वाचला आणि स्वतःशीच हसली. ओळीत कुठेही ‘हाय’ सापडला की माणूस आत, असं तिने लिहिलं होतं. आणि ‘न्हाय’च्या पोटात ‘हाय’ बसलेलाच असतो! तिने ओळ मोकळ्या जागेवर तोडली, शेवटचा शब्द वेगळा काढला, आणि तो नेमका ‘हाय’ असेल तरच माणूस आत धरायचा, अशी दुरुस्ती केली. प्रोग्रॅम पुन्हा चालवला. सगळे बाहेर आले.

एक सोडून.

‘खोली चार. पार्वती. आत.’

पार्वती नावाची बाई इथे कामालाच नव्हती. क्षितिजाने फाइल उघडून पाहिली. ते नाव त्यात नव्हतं. मग तिने प्रोग्रॅमला वाचलेली प्रत्येक ओळ जशीच्या तशी दाखवायला सांगितलं. ओळी भराभर उमटल्या, आणि सगळ्यात शेवटी आली ती ‘पार्वती हाय’. डोळ्यांना न दिसणारी अक्षरं असतील म्हणून तिने फाइलचा आकार तपासला. दिसणाऱ्या ओळींचा हिशेब बरोबर जुळत होता. त्या फाइलमध्ये आणखी एका नावाला जागाच नव्हती.

लॅपटॉप काखेत मारून ती चार नंबरकडे निघाली. आवारात ऊन नुसतं पेटलं होतं, कशेळीकडे जाणारे ट्रक हॉर्न वाजवत रखडले होते. चांगदेवकाका उघड्या दारापाशी उभे होते. काय खोळंबा झालाय ते बघायला ओसामाही आला होता.

“काका, ही पार्वती कोण?”

कोण पार्वती, असं काका विचारतील असं तिला वाटलं होतं. काकांनी विचारलं, “चार नंबरातच ना?”

“म्हणजे तुम्हीच लिहिलंत?”

“मी ते नाव कवा लिवलं न्हाय, पोरी. पुकारीत बी न्हाय.” काकांनी आवाज खाली आणला. “पन सगल्यांची नावं झाली का आतून एक ओ येते. बाईची. मी आयकलं न्हाय असं करतो.”

“आणि आत जाऊन कधी बघितलं नाहीत?”

“मी दारातनंच पुकारतो. आत न्हाय जात.”

भर उन्हात क्षितिजाच्या अंगावर काटा आला. ती घाबरली होती, आणि घाबरल्याची लाजही वाटत होती. शेजारच्या गोदामातली कोणी बाई गारव्याला आत शिरली असेल तर? दार उघडं राहिल्यामुळे खोलीचा भोंगा वाजायला लागला होता. कोणीतरी बघायला हवं होतं.

“ओसामा, एकदा बघून येतोस?” ती म्हणाली.

तो दारातला प्लॅस्टिकचा पडदा सारून आत गेला. पांढऱ्या वाफेत दोन पावलं दिसला, मग दिसेनासा झाला.

“कोई है?” त्याचा आवाज आला.

“ओ,” कोणीतरी म्हणालं. अगदी जवळून.

मग काहीच नाही.

थोड्या वेळाने ओसामा हात चोळत बाहेर आला. पापण्यांवर हिम होतं. काकांनी धाडकन दार लोटलं, कुलूप लावलं, किल्ली मुठीत धरली आणि दुसऱ्या हाताने टाइप केलं, ‘ओसामा न्हाय’.

क्षितिजाने तिथेच लॅपटॉप उघडून प्रोग्रॅम चालवला. पार्वतीचं नाव गेलं होतं.

‘खोली चार. ओसामा. आत.’

जुनीच चूक राहिली की काय? तिने दुरुस्ती पाहिली. ती जागच्या जागी होती.

“हे बघ, परत गेलास कामातून,” ती उसनं हसून म्हणाली.

ओसामाने स्क्रीनकडे पाहिलं. तो हसला नाही.

“आत कोनी न्हाय,” तो म्हणाला.

काकांनी भिंतीला हात टेकला. ते त्याच्याकडे बघत नव्हते.

क्षितिजाने खिशातून मोबाइल काढला आणि ओसामाचा नंबर लावला. तिच्याशेजारी उभ्या असलेल्याच्या खिशात काही वाजलं नाही. रिंग वाजली ती बंद दारामागे. फोन आत पडला असेल, तिने स्वतःला सांगितलं. पडला असेल.

रिंग थांबली. कोणीतरी फोन उचलला होता.

“दीदी,” दात कडकड वाजत होते, “दरवाजा क्यूं बंद किया?”

तिने किल्लीसाठी काकांपुढे हात केला. काकांची मूठ रिकामी होती.

तिने वळून पाहिलं. तिच्याशेजारी उभा होता तो किल्ली घेऊन गेटाबाहेर पडला होता आणि ट्रकांमधून, मागे न बघता, टेमघरच्या दिशेने चालला होता.

“दीदी,” फोनमधला आवाज म्हणाला, “चाबी आपके पास है ना?”