कायमचे नवखे

मकरबंदर शहरात दरवर्षी चैत्रात नवागतांची फवारणी व्हायची. आरोग्य केंद्रात जायचं, डोकं मागं टाकून खुर्चीत बसायचं, दोन्ही नाकपुड्यांत औषधाचा एकेक फुसकारा घ्यायचा आणि कार्डावर शिक्का मारून घेऊन थेट कामावर पळायचं. पिकावर मारतात तसं माणसांवर औषध मारायचं आणि त्याला शब्दही तोच वापरायचा, याची लाज शहरात कुणालाही वाटत नव्हती. नवागत म्हणजे शहराबाहेर जन्मलेला माणूस. मग तो काल आलेला असो, नाहीतर इथं राबून त्याचे केस पांढरे झालेले असोत.

औषधाचं नाव होतं 'नवनेत्र'. ते काय करायचं हे समजायला फार शिकलेलं असावं लागत नाही. आपला मेंदू काटकसरी असतो. तोच जिना, तीच गल्ली, तोच नळ रोज दिसू लागला की तो त्यांची दखल घेणं सोडून देतो. याला आपण सवय म्हणतो. अंधारात हात आपोआप दिव्याच्या बटणावर जातो तो सवयीनं, आणि दार उघडल्यावर 'आलो बुवा घरी' असं वाटतं तेही सवयीनंच. नवनेत्र ही सवय लागूच देत नसे. आठवण शाबूत राहायची. पत्ता, शेजाऱ्यांची नावं, भाजीचे भाव, सगळं आठवायचं. फक्त ओळखीचं म्हणून जे आतून वाटतं, तेवढं वाटायचं नाही.

हे कशासाठी? तर शहराच्या वाढीसाठी. जगातलं कुठलंही मोठं शहर बाहेरून आलेल्यांनीच मोठं केलेलं असतं. नवखा माणूस मिळेल ते काम धरतो, दोन-दोन पाळ्या करतो, गावाकडचं कसब इथल्या मालाला लावून पाहतो. लोचना खिल्लारे हिंगोलीकडून आली आणि बंदराच्या दाराशी ज्वारीची धपाटी विकायला बसली. इथली सुकट स्वस्त दिसली म्हणून तिनं ती पिठात मळली. आज मकरबंदरात सुकटीच्या धपाट्यांच्या गाड्यांची रांग आहे, त्यांना पीठ पुरवणाऱ्या गिरण्या आहेत आणि बड्या हॉटेलांत तेच धपाटं काचेच्या ताटलीत मिळतं. इथं जन्मलेल्या कुणाला हे सुचलं नव्हतं. त्यांना सुकटीची सवय होती ना!

पण नवखा माणूस पुढं रुळतो. नळाला पाणी का नाही म्हणून विचारतो, सभांना जातो, रविवारी घरी बसतो. पूर्वी याची चिंता नव्हती, कारण जुने रुळले की मागून नवे यायचे. मग खेडी ओस पडली, पाळणे कमी हलू लागले आणि यायला कुणी उरलंच नाही. शहराची वाढ थंडावली. तेव्हा नगर प्राधिकरणातल्या एका हुशार डोक्यातून कल्पना निघाली. नवे मिळत नाहीत तर आहेत त्यांनाच नवं ठेवू.

आणि कायदा कसा उदार! दहा वर्षं राहिलेल्या कुणाही नवागतानं 'घरपणाची चाचणी' द्यावी, पास झाला की तो नागरिक. त्याला मत मिळेल, घर विकत घेता येईल. तोंडच्या शपथेवर भरवसा नको, म्हणून डोक्याला यंत्र लावून शहराची चित्रं दाखवायची आणि मेंदूला ती आपली वाटतात का ते पाहायचं. म्हणजे एका हातानं सवय काढून घ्यायची आणि दुसऱ्या हातानं सवयीचा पुरावा मागायचा. चांगली शिकलेली माणसं होती हो हा कायदा करणारी!

लोचना या चाचणीत दोनदा नापास झाली. तिसऱ्यांदा चाचणी देण्याऐवजी तिनं तक्रार केली आणि ती तक्रार डॉक्टर शाल्मली गद्रे यांच्यापुढं आली. नवनेत्र मुळात त्यांनीच शोधलेलं. जगण्याचाच वीट आलेल्या रुग्णांना पुन्हा सगळं ताजं दिसावं म्हणून. प्राधिकरणानं ते विकत घेतलं तेव्हा नवागतांना रोज नवा आनंद मिळेल असं त्यांना सांगितलं गेलं, आणि त्यांनी ते खरं मानलं. ऐकायला बरं वाटणारं खरं मानणं सोपंच असतं. तरी एवढं खरं, की त्या स्वतः उठून नवागत वसाहतीत लोचनाच्या खोलीवर गेल्या.

खोली लखलखीत होती. फक्त शेगडीभोवती करपलेल्या दुधाचा थर बसला होता, घासूनही न निघणारा.

"दूध रोज उतू जातं का?" डॉक्टरांनी विचारलं.

लोचना ओशाळली. "जात न्हाई, म्या घालते. घरभरणीला दूध उतू घालतेत ना बाई, नव्या घरात?"

"पण तुम्ही इथं अकरा वर्षं राहता, लोचनाबाई."

"ठावं हाय मला. पर सकाळी डोळा उघडला की वाटतंय, कालच आलेय हितं. अन् घरभरणी तर झालीच न्हाई. म्हणून वाटीभर दूध ठेवते. शेजारणी हसतेत. मग त्याबी आपल्या घरी तेच करतेत."

डॉक्टरांनी त्या थरावरून बोट फिरवलं.

"मह्या घरात मी पाव्हण्यावानी ऱ्हाते बाई," लोचनाचा आवाज चढला. "खाटेवर अंग टाकायचंबी अवघड वाटतंय. गाव तर बाभळीनं गिळलं, तिकडं कोण न्हाई. अन् हितलं घर मला ओळख देईना. मग महं घर हाय तरी कुठं? कामून असं होतंय, सांगा की!"

डॉक्टरांनी तिला सवयीचं, मेंदूचं, नवनेत्राचं सगळं सोप्या शब्दांत सांगितलं.

"हे तुमी केलं?" शेवटी तिनं विचारलं.

"औषध माझं आहे."

"मग बंदबी तुमीच करा. मला महं घर पाहिजे."

पुढच्या चैत्रात डॉक्टर गद्रे यांनी लोचनाच्या नाकात नुसतं मिठाचं पाणी उडवलं. उघडकीस आलं असतं तर नोकरी गेली असती आणि वर तुरुंग. एवढं तरी त्यांनी केलं.

घर एकदम आलं नाही. पावसाळ्यात कधीतरी लोचनाच्या लक्षात आलं की आपण न बघता कडी लावतो. दिवाळीच्या सुमाराला ती दुपारची खाटेवर पाय पसरून घोरली. शेजारणीच्या भांडणाचा तिला कंटाळा येऊ लागला, आणि तो कंटाळा तिला इतका गोड लागला की ती एकटीच हसली. तिनं संध्याकाळची पाळी सोडली. नळाला तासभरच पाणी का, हे विचारायला ती वॉर्ड कचेरीत गेली आणि तिथं चांगली भांडून आली.

वर्ष सरता सरता तिनं पुन्हा चाचणी दिली. पडद्यावर तिची गल्ली आली, खिडकीतून दिसणारी क्रेन आली, जिन्यातली फुटकी पायरी आली, आणि यंत्राचा काटा पार टोकाला गेला. जन्मजात नागरिकांचाही इतका जात नसे. लोचना पास झाली. डॉक्टरांना आनंदानं रडू आलं.

खिडकीमागच्या कारकुनानं कार्ड बदलून दिलं आणि शांतपणे म्हणाला, "अभिनंदन. या आठवड्यात खोली सोडा."

"कोणची खोली?"

"वसाहतीतली. ती नवागतांसाठी आहे. तुम्ही आता नागरिक आहात बाई, नागरिकाला तिथं राहता येत नाही. हवं ते घर घ्या ना विकत, हक्क आहे तुम्हाला!"

धपाटी विकून मकरबंदरात घर घेता येत नाही, हे कारकुनाला माहीत होतं, कायदा करणाऱ्यांनाही माहीत होतं. इतकी वर्षं एकही नवागत पास झाला नव्हता, म्हणून या कलमाचा वापरच करावा लागला नव्हता. पण ते लिहून मात्र ठेवलं होतं.

डॉक्टर धावत लोचनाकडं आल्या. "मी वरपर्यंत बोलून बघितलं. एकच वाट आहे. फवारा घ्या, पुन्हा नवागत म्हणून नोंद होईल, खोली राहील. आणि लोचनाबाई, नाहीच राहिली तरी फवाऱ्यानंतर सोडताना काही वाटणार नाही."

"म्हंजी घर ठेवायचं असंल तर ते महं वाटू द्यायचं न्हाई?"

"हो."

"अन् महं वाटलं तर सोडायचं?"

डॉक्टरांनी पिशवीतून फवाऱ्याची बाटली काढली.

"न्हाई घेणार," लोचना म्हणाली. "दुखू द्या मला. घर सोडताना माणसाला दुखतंयच. तुमी लोकांनी आमचं तेबी काढून घेतलं व्हतं."

आठवडा संपला तशी प्राधिकरणाची माणसं आली. त्यांनी शेगडी, खाट, पिठाचा डबा उचलून रस्त्यावर ठेवला आणि दाराला सील लावलं. लोचना दाराला धरून रडली. नुसते डोळे नाही पुसले, गळा काढून रडली. त्या वसाहतीत घर सोडताना आजवर कुणी रडलं नव्हतं, त्यामुळं दारादारांत माणसं जमली आणि जत्रेतला खेळ पाहावा तशी टकामका बघत राहिली.

त्यांतून तिच्या भिंतीला भिंत लागून राहणारा सुतार दस्तगीर मुल्ला पुढं झाला. तो लोचनाच्याही आधी इथं आलेला. तिचं नाव, तिचं गाव, तिच्या हातची धपाटी, सगळं त्याला पाठ होतं. पण डोळ्यांत ओळख म्हणून नव्हती. त्यानं तिच्या हातात पाण्याचा तांब्या दिला आणि अदबीनं, चार हात लांब उभं राहून म्हणाला, "रडू नगा ताई. नव्या जागेत सुरवातीला असंच हुतंय. रुळशीला हळूहळू."