ठिपक्यापुरतं पुसलेलं

लॅबचा फोन आला तेव्हा ठिपकेबाई जिन्याच्या पायरीवर बसून गुडघा चोळत होत्या.

“तिसरा पेशंट,” लॅबवाला म्हणाला. “हाडांचा वॉर्ड, पलंग नऊ. जखमेत तोच जंतू.”

“नक्की तोच?”

“आधीच्या दोघांचा सख्खा भाऊ.”

त्यांनी फोन ठेवला आणि आणखी मिनिटभर तशाच बसून राहिल्या. एका पेशंटचा जंतू दुसऱ्याला लागू नये, हे बघणं त्यांचं काम. सव्वीस वर्षांच्या नर्सिंगमधली शेवटची तीन त्यात गेली होती, आणि गुडघेही.

ठिपकेबाई हे नाव त्यांच्या पेनामुळे पडलं. पेशंट घरी गेला की पलंग पुसायच्या आधी त्या पडदा ओढून आठ ठिकाणी नखाएवढे ठिपके द्यायच्या. साध्या डोळ्यांना न दिसणारे. नंतर निळा टॉर्च मारायचा. ठिपका चमकला तर फडकं तिथे फिरलंच नाही, गायब असला तर फिरलं. हाडांच्या वॉर्डात सात महिने एकही ठिपका उरला नव्हता. म्हणून तर सफाईच्या मावशीचं ‘उत्कृष्ट स्वच्छता’चं सर्टिफिकेट ड्युटीरूममध्ये घड्याळाशेजारी उंच टांगलेलं होतं.

आणि त्याच वॉर्डात महिन्याभरात तीन जखमा चिघळल्या.

“घाण कोणाची? झाडणारीची,” मोठे डॉक्टर म्हणाले. “परवा दुपारपर्यंत दुसरं काही सापडलं नाही तर मावशी घरी.”

“पण तिचे ठिपके शंभर टक्के पुसलेले असतात, सर.”

“मग तुमचे ठिपके खोटं बोलतात.”

चोर सोडून संन्याशाला फाशी, असं त्यांच्या तोंडावर आलं होतं. पण चोर कोण हे माहीत नसताना ते म्हणण्यात अर्थ नव्हता.

वॉर्डात बावीस पलंग. प्रत्येक पलंगावर साखळीला एक तिकोनी हँडल लोंबत होतं. पाय मोडलेला माणूस त्याला धरून उठून बसतो. जखमा चिघळल्या त्या पलंग चार, पंधरा आणि आता नऊवर. एकाचा खुबा, दोघांच्या मांड्या. तिघांची ऑपरेशनं वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या सर्जननी केलेली. मधल्या पलंगांवर हात मोडलेले लोक मात्र खुशाल पेपर वाचत पडले होते.

नऊ नंबरवर ट्रक चालवणारा एक ड्रायव्हर होता.

“दादा, ड्रेसिंगला हात लावता का?”

“खोटं कशाला बोलू, ताई? उठून बसलो की पहिला हात तिथेच जातो. खाज येते.” मग हळूच विचारलं, “पाय परत उघडणार म्हणतात. राहील ना पाय?”

“त्यासाठीच धडपड चाललीय,” त्या म्हणाल्या. याहून जास्त सांगण्यासारखं त्यांच्याजवळ काही नव्हतं.

मावशी मोरीपाशी निळी फडकी पिळत होती. ठिपकेबाई शिकाऊ नर्स होत्या तेव्हापासून ती या वॉर्डात होती.

“मावशी, पलंग कसा पुसता?”

“एका पलंगाला एक फडकं. औषधाच्या पाण्यात बुडवून. वरून खाली.” मावशी हसली. “परीक्षा घेता होय? तुम्हा दोघींना मीच शिकवलं होतं ना?”

दुसरी म्हणजे वॉर्डची इन्चार्ज सिस्टर. ठिपकेबाईंच्याच बॅचची.

“अंबाडा कुठे गेला मावशी?”

“कापून टाकले केस. डोकं हलकं झालं.” तिने डाव्या हाताने बादली उचलली.

सफाईचा सुपरवायझर दारातच भेटला. सर्टिफिकेटावर त्याचीही सही होती, त्यामुळे तो घाबरलेला.

“तुम्ही वॉर्डात कधी असता?”

“सकाळी. बारानंतर दुसऱ्या इमारतीत. हजेरी बघा.”

“ठिपके कुठे असतात ते माहिती आहे?”

“कसं असणार, मॅडम? तुम्ही पडदा लावता. आत फक्त इन्चार्ज सिस्टर असतात, लिहून घ्यायला.”

ड्युटीरूममध्ये इन्चार्ज फोनवर बोलत होती. बोलणं झाल्यावर तिने ट्रेमधला स्पिरिटचा बोळा उचलून रिसीव्हर पुसला. चष्मा पुसायलाही ती बोळाच वापरायची.

“दमलेली दिसतेस,” ती म्हणाली.

“तू काय कमी दमलीस?”

“बावीस पलंग, दोन सिस्टर. दमायला तरी वेळ कुठे आहे?”

दोघी हसल्या. हसण्यातही फारसा जोर नव्हता.

ठिपकेबाई सहा नंबरच्या रिकाम्या पलंगाशी गेल्या. तिथला पेशंट शुक्रवारी घरी गेला होता आणि शुक्रवारच्या तपासणीत आठही ठिपके पुसलेले निघाले होते. आज त्यांनी निळा टॉर्च खिशातच ठेवला आणि स्टुलावर चढून हँडल नुसत्या डोळ्यांनी पाहिलं. गुडघ्याने शिव्या दिल्या.

हँडल मळकट आणि चिकट होतं. फक्त एका जागी नाण्याएवढा गोल भाग लख्ख चकाकत होता. साखळीच्या कडीत कापसाचा एक तंतू अडकला होता.

त्यांनी हँडलचा स्वॅब घेऊन लॅबला पाठवला. चार, नऊ आणि पंधराच्या हँडलांचेही पाठवले.

मंगळवारी बारा नंबरचा पेशंट घरी गेला. ठिपकेबाईंनी पडदा ओढला, इन्चार्जसमोर नेहमीच्या आठ जागी ठिपके दिले. इन्चार्जला फोन आला म्हणून ती बाहेर गेली, तेवढ्यात आणखी आठ दिले, जिथे आजवर कधीच दिले नव्हते. मावशीने पलंग पुसला आणि दोन वाजता ती घरी गेली. दोनला ठिपकेबाईंनी टॉर्च मारला. तीनला, तपासणीच्या नेहमीच्या वेळी, पुन्हा मारला. मग घरी जाऊन न जेवता झोपल्या.

बुधवारी सकाळी लॅबचा कागद आला. दुपारी ड्युटीरूममध्ये मोठे डॉक्टर, सुपरवायझर, इन्चार्ज आणि मावशी उभे होते. ठिपकेबाई बसल्या, कारण उभं राहणं होत नव्हतं.

“जंतू हँडलांवर सापडला,” त्या म्हणाल्या. “पाय मोडलेला माणूस हँडल धरतो, उठतो आणि त्याच हाताने जखम खाजवतो. हात मोडलेल्यांना हँडल लागतच नाही, म्हणून ते वाचले.”

“म्हणजे मावशीने हँडल पुसलं नाही,” डॉक्टर म्हणाले.

“नाही पुसलं. काल मी सोळा ठिपके दिले. कमरेखालचे दहा, जुने पाच आणि नवे पाच, दोन वाजता सगळे गेलेले होते. कुठे ठिपके आहेत हे माहीत नसताना. इतकं प्रामाणिक काम मी या इमारतीत दुसरं पाहिलेलं नाही. पण खांद्याच्या वरचे सहाही जसेच्या तसे होते.”

मावशी फरशीकडे बघत होती.

“मावशीचा उजवा खांदा धरलाय. हात वर जात नाही. म्हणून अंबाडा गेला, म्हणून बादली डाव्या हाताने. हे मला पहिल्याच दिवशी कळायला हवं होतं.”

“मग वरचे ठिपके सात महिने पुसले कोणी?” सुपरवायझरने विचारलं.

“तीन वाजता पाहिलं तर वरच्या सहांपैकी तीन गेले होते. फक्त जुने. नवे तसेच. म्हणजे दोन ते तीनच्या मध्ये कोणीतरी आलं, ज्याला जुन्या जागा पाठ होत्या. तुम्ही बारालाच जाता. मावशी दोनला गेली. आणि पुसलं ते निळ्या फडक्याने नाही, कापसाच्या बोळ्याने.”

ट्रेमधल्या बोळ्यांकडे सगळ्यांनी पाहिलं.

“मीच,” इन्चार्ज म्हणाली.

“टॉर्च न मारता?”

“टॉर्च कशाला? तीन वर्षं त्याच आठ जागा. तूच दाखवल्यास.”

ते खरं होतं. ठिपकेबाईंना ते लागलं आणि त्यांनी ते लागू दिलं.

“मावशीच्या रिटायरमेंटला सहा महिने राहिलेत,” इन्चार्ज म्हणाली. “खांदा धरलाय म्हटलं की दुसऱ्या दिवशी घरी बसवतील. म्हटलं, वरचं मी करीन.”

“मग अख्खं हँडल का नाही पुसलंस?”

इन्चार्जने चष्मा काढला. या वेळी तो पुसला नाही.

“सुरुवातीला अख्खं पुसायची. नव्याचे नऊ दिवस. मग एक दिवस वेळ नव्हता, नुसता ठिपका पुसला. कोणाला कळलं नाही. मग ठिपक्यापुरतंच राहिलं. पहिली जखम चिघळली तेव्हाच सांगायला हवं होतं. तेव्हा भीती वाटली.”

“रिपोर्टमध्ये हे लिहावं लागेल मला,” ठिपकेबाई म्हणाल्या. मैत्रिणीकडे बघून हे बोलणं त्यांना फार जड गेलं. “माझ्या आठ जागांचंही लिहीन.”

“लिही.”

मावशी पहिल्यांदाच बोलली. “मला एका शब्दाने सांगितलं असतं तर? मी फडकं काठीला बांधून वर फिरवायची. वाटायचं, पोचत असेल. दर महिन्याला शंभर टक्के यायचे ना. म्हटलं, अजून जमतंय आपल्याला.”

इन्चार्जचे डोळे भरून आले.

डॉक्टर रिपोर्ट टेबलावर ठेवायला सांगून निघून गेले. मावशीला घरी पाठवण्याबद्दल ते काही बोलले नाहीत. ड्रायव्हरला ऑपरेशनला न्यायची वेळ झाली होती आणि चार वाजता बारा नंबरवर खुबा मोडलेल्या एक आजी यायच्या होत्या. सुपरवायझर स्टूल शोधायला गेला.

दोघी सिस्टरांनी बाह्या वर केल्या. मावशीने दोन बादल्यांत औषधाचं पाणी कालवलं आणि बावीस फडकी मोजून दिली.

“बारापासून धरा. वरून खाली,” ती म्हणाली.

दोघी निघाल्या तरी ती जागची हलली नाही. घड्याळाशेजारच्या सर्टिफिकेटाच्या चौकटीकडे बघत उभी होती.

“ते तेवढं आधी काढा खाली,” ती म्हणाली. “माझा हात पोचत नाही.”