भोंग्यापुढे मुडदा काय करणार!

"आता का नाही वाजत हा भोंगा?" विल्बर कुजबुजला.

पहाटेच्या दाट धुक्यात लोकरीसाठी पाळलेले सगळे अल्पाका एकाच भिंतीकडे तोंड करून उभे होते. एरवी सदा गुणगुणणारी ही जनावरं, आज चिडीचूप! नेलिदाने टाचा उंचावून पाहिलं. भिंतीपलीकडे काहीच दिसत नव्हतं. पण कळपात एक पिल्लू कमी होतं.

आठवडाभर नेमकं उलटं चाललं होतं. संध्याकाळ झाली की भोंगा बोंबलायचा आणि बाहेर चिटपाखरूही नसायचं. शेवटी फोर्तुनातो मामाने वैतागून भोंग्याला जोडलेल्या सेन्सरचा स्क्रू पार खाली फिरवून त्याची ताकदच घटवली.

"पापी माणसाचा मुडदा भटकतोय," गेलेल्या पिल्लाच्या बातमीवर मामाने मान हलवली. "त्याच्यापुढे यंत्र काय करणार?" आणि खुशाल बाजाराला निघून गेला!

नेलिदाने आपल्या पुकाला पोटाशी धरलं. जेमतेम दहा दिवसांचं ते पांढरंशुभ्र पिल्लू तिचं एकटीचं होतं. उद्या त्याची पाळी आली तर?

"विल्बर, मुडदा थंड असतो ना? आणि सेन्सरला फक्त ऊब कळते. मग इतके दिवस तो वाजला कशाने?"

"तूच विचार त्या मुडद्याला!" तिचा मावसभाऊ विल्बर म्हणाला, पण स्क्रू त्यानेच पुन्हा वर फिरवला.

विल्बरच्या धाकट्या भावाने, एडीने चुलीवरचा वाफाळता बटाटा आणला. नेलिदाने तो दोरीला बांधून लांब झुलवला. भोंगा गप्प. सेन्सरच्या नाकाशी नेला, तर केवढा किंचाळला! मग विल्बर लांबवर नुसता रांगला, तरी तस्साच किंचाळला.

"म्हणजे मी आणि बटाटा सारखेच?"

"छे! बटाटा निदान खाता तरी येतो," एडी म्हणाला.

"जवळची छोटी ऊब आणि लांबची मोठी ऊब याला एकच वाटते," नेलिदा हळूच म्हणाली. "म्हणजे काहीतरी छोटंसं याच्या अगदी जवळ येतंय."

सेन्सर होता भिंतीच्या खालच्या कोनाड्यात, कळप राखतो असं मानतात त्या दगडी अल्पाकाच्या मूर्तीशेजारी. दोघे मिळून राखतील, असा मामाचा हिशेब! संध्याकाळी तिघं दबा धरून बसली. धुकं उतरलं. कोनाड्यात काहीतरी खसफसलं आणि भोंगा कर्कश ओरडला.

"अगं आई गं! मुडद्याला मिशा आहेत!" एडी किंचाळला.

विस्काचा! सशाएवढा डोंगरी प्राणी, झुपकेदार शेपटीचा. त्याचं बीळच तिथे होतं.

"पण पिल्लू याने नाही नेलं," विल्बर म्हणाला. "ते नेणारा कुणीतरी मोठा, भिंतीवरून येणारा असणार."

त्यांनी सेन्सर उंच खांबावर बांधला, तोंड भिंतीच्या माथ्याकडे केलं आणि खालची अर्धी काच काळ्या चिकटपट्टीने झाकली. विस्काचा खालून बागडला, भोंगा गप्प. विल्बर भिंतीवर चढला, भोंगा सुरू!

तेवढ्यात मामा परतला. "राखणीच्या जागेवरून काढलात? अक्कल गहाण टाकली की काय?"

"मामा, एक रात्र राहू दे ना!" नेलिदाने विनवलं. मामा पुटपुटत झोपायला गेला.

पहाटे नेलिदाला जाग आली ती शांततेने. अल्पाकांची गुणगुण थांबली होती. ती दाराशी धावली. सगळ्या माना पुन्हा त्याच भिंतीकडे वळल्या होत्या. धुक्यात दोन पिवळे डोळे चमकले, मग भिंतीवर लांबलचक अंग चढलं. खाली पुका उभं होतं.

भोंगा कडाडला!

"पूमा! पूमा!" मामा गोफण गरगरवत धावला. बिबट्याएवढ्या त्या पूमाने उलटी झेप घेतली आणि धुक्यात दिसेनासा झाला. नेलिदा पुकाच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडली.

"मुडद्याच्या नावाने मीच झोपा काढल्या," मामा खाली मान घालून म्हणाला. "पोरांनो, आज कळप राखलात तो तुम्ही!"

कार्निवलच्या सणाला कानात लाल लोकरीचे गोंडे ओवून कळपातली जनावरं सजवतात. त्या वर्षी मामाने पहिला मान पुकाला दिला. मग उरलेला गोंडा घेऊन तो खांबापाशी गेला आणि सेन्सरखाली घट्ट बांधला.

"हाही आता आपल्या कळपातला," तो म्हणाला.