दोरा बांधलेलं प्यादं

या, जवळ सरकून बसा. कीर्तन आटपलं, बुक्का लागला. आता ही हकिकत ऐकूनच उठा. माझ्या सख्ख्या अनंतमामांवर गुदरलेली आहे. खोटं सांगेन तर विठ्ठल पाहतो आहे.

साल १९३४. नागपुरात महाल पेठेतला बुद्धिबळ क्लब. वैशाखातली दुपार, अजिंक्यपदाची शेवटची बाजी.

एकीकडे मनोहरराव, सात वर्षं अजिंक्य. दुसरीकडे मामा... शाळामास्तर, कच्चा खेळाडू. बाकीचे लू लागून आडवे झाले, म्हणून इथवर पोचलेले.

मनोहररावांनी आपल्या एका प्याद्याला लाल दोरा बांधला. तशी त्यांची रीतच.

"मास्तर, याच्यानंच तुले मात करतो."

"अन् ते मेलं तर?"

"तर मी हरलो. पण त्या नत्थूवानी मूठ आवळून बसू नोको गा."



गेल्या वर्षी नत्थूजींनी ते प्यादं मारलं होतं. मनोहररावांना चाल परत हवी होती; नत्थूजी मूठ सोडेनात. मनोहररावांनी त्यांची बोटं एकेक करून मोडली. मग डोकं सागवानी पटावर आपटलं. शुद्धीवर न येताच तिसऱ्या दिवशी नत्थूजी गेले.

जिन्यावरून पडले, असं क्लबातल्या सगळ्यांनी त्यांच्या बायकोला, जिजाबाईंना सांगितलं. मामांनीही... तुळशीवर हात ठेवून.

बाजी सुरू झाली. दहाव्या चालीला मामांचा वजीर गेला.

तेवढ्यात...

कट... कट...

चाल करण्याआधी नत्थूजी अशीच बोटं वाजवत.

"काहून बोटं वाजवून राहिला?" मनोहरराव खेकसले.

"मी नाही."

मामांचे दोन्ही हात मांडीवर होते.

मग उजवा हात उठला. मामांनी उचलला नव्हता. घोडा अडीच घरं गेला... दोऱ्याचं प्यादं मुठीत आलं.

मूठ मिटली. माठाच्या बुडासारखी गार.

मनोहरराव झेपावले, मूठ उकलू लागले.

कट.

त्यांचंच बोट उलटं वाकलं.

कट. दुसरं.

मग मानगूट धरल्यासारखं त्यांचं डोकं पटावर आदळलं. परत आदळलं. तिसऱ्यांदा दात मोहऱ्यांत विखुरले... त्यांच्या जवळ कोणीच नव्हतं.

मनोहरराव पुन्हा उठले नाहीत.

मामांची मूठ काही उघडेना. वैद्य झाले, तूप चोळून झालं. अकराव्या दिवशी ते जिजाबाईंच्या दारात गेले.

"वहिनी, आम्ही खोटं बोललो. ते पडले नव्हते."

"ठाऊक हाये मले. पडल्यावर पाचही बोटं सारखी मोडत नाहीत, भाऊजी. तुमच्यापैकी कोणी येते का, तेवढंच पाहून राहिली होती."

मूठ सुटली.

आत नुसता लाल दोरा. ओला.

प्यादं सापडलंच नाही. आता तो पट माझ्याकडे आहे. प्यादी पंधराच. पण वैशाखात कधी मोजली, तर...

सोळा भरतात.

तुम्ही कधी पट मांडलात, तर पहिलं प्यादं ठेवताना नत्थूजींची आठवण काढा. एवढं माझ्यासाठी करा.