शंभूला कोण उलटवतं?

विश्रामबागेतल्या माझ्या पाळणाघरात दुपारी एक ते तीन ही झोपेची वेळ. पडदे ओढलेले, पंखा दोनवर, खोलीभर दुधाचा आणि वेखंडाचा वास. मी वीस वर्षं नर्सची नोकरी केली आहे, त्यामुळे नियम कडक. बाळ उताणंच झोपवायचं. गादी टणक, चादर ताणलेली, कॉटमध्ये दुसरं काहीही नको. दर दहा मिनिटांनी जवळ जाऊन श्वास बघायचा. डोकं गोल व्हावं म्हणून आज्या हौसेने राळ्याची उशी पाठवतात. तिच्यावर नाव लिहून मी ती पिशवीत परत घालते. "आम्रपालीताई फार शिष्ट" असं त्या म्हणतात, ते मला माहीत आहे. म्हणू देत.

हिवाळ्यात सुलाबाई मदतीला आल्या. साठी ओलांडलेल्या, मूळच्या आटपाडीकडच्या. त्यांच्या हाताला गुण होता. रडून लालबुंद झालेलं पोर त्यांच्या खांद्यावर दोन मिनिटांत मऊ पडायचं. खोड एकच. माझी पाठ वळली की बाळाला पालथं घालायच्या.

"आवं ताई, पोट टेकलं की पोरगं दचकत न्हाई. लय गाढ झोपतंय. आमी समदी अशीच वाढलो न्हवं?"

मी समजावलं, रागावले, भिंतीवर चित्र लावलं. पालथ्या घड्यावर पाणी.

मार्चमध्ये शंभूराज आला. जेमतेम तीन महिन्यांचा. त्याची आई, पूजा, बँकेत होती. सातव्या महिन्यापासून घेतलेली रजा संपल्यावर डोळे पुसत त्याला माझ्याकडे देऊन गेली. शंभू झोपेत सारखा दचकायचा, त्यामुळे सुलाबाईंचा सगळा जीव त्याच्यात अडकला.

एका मंगळवारी दुधाच्या वाट्या विसळताना त्यांनी विचारलं, "ताई, शंभूला तुमी उलटवता व्हय?"

"म्हणजे?"

त्यांनी हातातली वाटी खाली ठेवली. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. तीन दिवस त्या शंभूला पालथं घालत होत्या. घालून दारापर्यंत जायच्या, वळून बघायच्या, तर तो उताणा. गाढ झोपेत, दोन्ही हात बाजूला नीट ठेवलेले.

उद्यापासून येऊ नका, हे शब्द माझ्या ओठांवर आले होते. पण तेवढ्यात दुसरी गोष्ट डोक्यात शिरली. एखादं बाळ लवकर वळायला लागतं, हे खरं. शंभू जागा झाल्यावर मी त्याला सतरंजीवर पोटावर ठेवलं आणि पुढ्यात बसले. त्याने मान उचलली, दमला, गाल टेकवून रडला. पुन्हा ठेवलं, पुन्हा तेच. वळणं लांबच राहिलं.

मी सुलाबाईंना समोर बसवलं आणि या खेपेला चित्र न दाखवता सांगितलं. नाक गादीत दबलं तर एवढ्याशा जिवाला मान फिरवता येत नाही. तो रडतही नाही. झोपेतच श्वास थांबतो.

"कितव्या म्हैन्यापतोर?" त्यांनी विचारलं.

"वर्षापर्यंत जपायचं. पहिले सहा महिने फार."

"माझा जोतिबा चार म्हैन्याचा व्हता," त्या म्हणाल्या. "फलटणकडं ऊसतोडीला गेल्तो. पाचटाच्या कोपीत पालथं घातलं, म्हणलं गाढ झोपंल, तवर मोळ्या बांधू. परत आले तर गार. लोकं म्हणाली नजर लागली. चाळीस वर्सं मी तेच धरून बसले, ताई."

माझा जीव तुटला. "कशाने गेला ते आता कुणालाच सांगता येणार नाही, सुलाबाई. त्या काळी काही डॉक्टरसुद्धा पालथं घाला म्हणायचे."

"तरी हात माझंच की."

दोन दिवस त्या आल्या नाहीत. शुक्रवारी आल्या, पण अट घालून. धुणं करीन, फरशी पुशीन, पोरांना हात लावणार नाही. "माझ्या हातावर माझा इस्वास न्हाई," म्हणाल्या.

त्यांनी थोपटलं नाही, म्हणून शंभू काही केल्या झोपेना. एक वाजला, दीड वाजला. मी थकले होते. शेवटी पूजाने दिलेल्या मऊ दुपट्यात त्याला गुंडाळलं. पाच मिनिटांत सोडवू, असं स्वतःला सांगितलं. तेवढ्यात फोन आला आणि मी पुढच्या खोलीत गेले. वीस वर्षं नर्स राहिलेली मी, आणि पाच मिनिटांची पंधरा केली.

"ताई! दुपटं तोंडावर आलंय!"

मी धावले. सुलाबाई उंबऱ्यावर चौकट धरून उभ्या होत्या. हातांना साबणाचा फेस, पाय ओलेचिंब. नजर कॉटवर.

शंभू उताणा होता. तोंड मोकळं. ओठांवर दुधाचा बुडबुडा. मी गाल त्याच्या नाकाशी नेला. श्वास उबदार, संथ. 

दुपटं चौघडी करून पायाशी ठेवलं होतं.

"तुम्ही आत आलात?"

"न्हाई."

उंबऱ्याच्या आतली फरशी कोरडी होती.

त्या रडत होत्या आणि हसतही होत्या. "माझ्यावर रागावला न्हाई वो त्यो."

कोण, ते मी विचारलं नाही.

शेजारची कॉट शिवांजलीची. ती त्या आठवड्यात साताऱ्याला आजोळी होती. सकाळीच मी तिची चादर बदलून ताणली होती. माझ्या टणक गाद्यांवर खळगा पडत नाही. आता पडला होता.

चार महिन्यांच्या बाळाएवढा. डोक्याच्या जागी कपाळ, नाक, हनुवटी उमटली होती. तोंडाच्या जागी ओला डाग.

सुलाबाईंनी पदराला हात पुसले. उंबरा ओलांडला.

त्या रिकाम्या खळग्यावर वाकून एक तळवा मानेखाली घातला, दुसरा कमरेखाली. मी शिकवते तसाच. आणि अगदी हळू उलटवलं.

"नीज रं, सोन्या."

हात काढून घेतले.

मी वाकून पाहिलं. खळगा आता गोल होता, डोक्याच्या मागच्या बाजूएवढा. ओला डाग अजून वाळला नव्हता.