नळीतली आठवी गोळी

खोपोलीचा वाल्मिक तुम्ही पाहिलाय. पोलिसांच्या शस्त्रागारात सत्तावीस वर्षं काढलेला माणूस, उगाच काही बोलणारा नाही. हल्ली तर तो या गोष्टीचं नावही काढत नाही, म्हणून मी सांगतोय.

विधानसभेची आचारसंहिता लागली होती. परवान्याची हत्यारं ठाण्यात जमा करा, असा निरोप गावोगाव गेला. खालापूरच्या मुझम्मिलकडे आजोबांच्या वेळचं पिस्तूल होतं. देण्याआधी ते तपासून, तेलपाणी करून घ्यावं म्हणून त्यानं वाल्मिकला बोलावलं. तारीख अठरा ऑक्टोबर दोन हजार चोवीस, शुक्रवार. संध्याकाळचे साडेसात.

मुझम्मिलच्या बायकोनं, उझमानं, चहा दिला. फडकं सोडलं तसा वाल्मिक हरखला. जर्मन वॉल्थर, तळहातात मावेल एवढं.

"दुसऱ्या महायुद्धाच्या आधीचं हाय हे," तो म्हणाला. "तिकडचे साध्या कपड्यातले पोलीस कोटाखाली ठेवायचे. आन् ही बघ, घोड्याच्या वर बारीक पिन. नळीत गोळी असली की बाहेर येते. अंधारात नुसता अंगठा लावला तरी कळतं."

मुझम्मिल म्हणाला, "आजोबांना नाय कळलं, काका."

"म्हंजे?"

"अठ्ठ्याहत्तर साली, याच खोलीत साफ करत होते. मॅगझीन काढलं, रिकामं झालं समजले. नळीत एक राहिलेली. समोर भिंतीशी आमचा ड्रायव्हर बसलेला, नामा, ऑइलनं काळे, हे एवढाले पंजे त्याचे. छातीतच लागली..."

वाल्मिकनं पिस्तूल हातात घेतलं. मॅगझीन काढून सात गोळ्या वर्तमानपत्रावर ठेवल्या. वरची स्लाइड मागं ओढली, नळीत डोकावला, करंगळी घालून चाचपलं. रिकामी. तरी चित्त थाऱ्यावर येईना. पुन्हा ओढली, पुन्हा पाहिलं. शेवटी तेल लावून स्लाइड सोडली. घोडा चढलेलाच राहिला. पिस्तुलाचं तोंड भिंतीकडं होतं. तिथं रिकामी खुर्ची.

तेवढ्यात लाईट गेली.

मुझम्मिल बॅटरी आणायला आत गेला. वाल्मिक होता तसाच बसला. अंगठा पिनेवर.

पिन आत होती.

आतच...

मग अंगठ्याला काहीतरी टोचलं.

पिन वर येत होती. हळूहळू.

त्यानं हाक मारायला तोंड उघडलं.

समोरची खुर्ची करकरली.

कुणीतरी बसलं.

तो पिस्तूल खाली करायला गेला. मनगट हलेना. चापावर बोट नव्हतं. त्यानं मला शपथेवर सांगितलं, बोट नव्हतं.

घोडा पडला.

बार झाला त्या उजेडात त्याला मुझम्मिलची सहा वर्षांची हुदा दिसली. खुर्चीतून बाजूला फेकली जाताना.

मग अंधार. कान बंद.

बॅटरी आली. उझमानं पोरीला उचलून अंगभर चाचपलं. साधा ओरखडा नव्हता. खुर्चीच्या पाठीला मात्र भोक पडलं होतं, बरोबर पोरीच्या छातीच्या उंचीवर. आणि वर्तमानपत्रावर गोळ्या सातच्या सात.

"इथं कशाला आलीस गं?" मुझम्मिलनं विचारलं.

"आत अंधार झाला, म्हणून."

"आन् पडलीस कशी?"

"ढकललं ना."

"कोणी?"

ती खुर्चीच्या मागं बघत राहिली.

सकाळी दोघं पिस्तूल घेऊन ठाण्यात गेले. वाल्मिकनं बार आपल्याच हातून झाल्याचं लिहून दिलं. पिन कशी वर आली, ते लिहिलं नाही. निवडणूक झाली, लोकांनी आपापली हत्यारं परत नेली. मुझम्मिल तिकडं फिरकलाच नाही.

हुदाचा त्या रात्रीचा पांढरा फ्रॉक उझमानं तीनदा धुतला. खांद्यापासून पाठीपर्यंत काळा पंजा उमटलाय, पाची बोटं वेगवेगळी दिसतात. तो निघत नाही. वाल्मिकनं एकदा त्याच्यावर आपला हात ठेवून पाहिला.

खालचा पंजा चहूबाजूंनी बाहेर उरला.